फॉर्मवर लिहिलं होतं 'फिट'

सगळ्यात आधी एक सांगते, या पोस्टमध्ये मी जिल्ह्याचं नाव लिहिणार नाहीये आणि मुलांची नावं तर अजिबातच नाही. बाल न्याय कायद्याचं कलम 74 त्यासाठीच आहे आणि ते नसतं तरी मी लिहिली नसती. मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांपैकी एक, एवढंच धरून चला.

मी आरबीएसकेच्या पथकात डॉक्टर आहे, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट, एक सिस्टर आणि भाड्याची गाडी. अंगणवाड्या वर्षातून दोनदा, सरकारी शाळा एकदा, आणि जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची लेकरं आमच्या कार्यक्रमात येतात. वर्षभर कुठल्या दिवशी कुठे जायचं त्याचा आमचा मायक्रोप्लॅन असतो. त्या प्लॅनमध्ये शहरातल्या सगळ्या सरकारी शाळा होत्या आणि बसस्टँडच्या मागच्या निरीक्षणगृहाचं नाव नव्हतं. लोक त्याला अजूनही रिमांड होमच म्हणतात. तीन वर्षं मी त्याच्या शेजारच्या शाळेत पोरांचे दात, डोळे, वजन बघत होते आणि भिंतीपलीकडची पोरं पण याच वयाची आहेत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या घराशी संबंध आला तो खरजेमुळे. आमचा फार्मासिस्ट आणि तिथले अधीक्षक एकाच गावचे, एका संध्याकाळी त्यांचा फोन आला की पोरं रात्रभर खाजवायलेत, झोपंना गेलेत, तुमच्याकडं काही मलम आहे का. गेलो आम्ही. सतरा मुलं होती तेव्हा. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला, जांघेत बारीक पुरळ, ओरबाडून ओरबाडून जखमा, दोघातिघांच्या जखमांत पू झालेला. आता खरजेचं औषध काही अवघड नाही, पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत रात्री लावायचं आणि सकाळी आंघोळ करायची, पण जो खाजवतोय त्याच्या एकट्याच्या अंगाला लावून ती जात नाही, एका खोलीत झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच रात्री लावावं लागतं, काळजीवाहकांना सुद्धा, कपडे-चादरी गरम पाण्यातून काढून उन्हात टाकाव्या लागतात आणि आठवड्याने हे सगळं परत एकदा. अधीक्षकांनी त्याआधी दोनदा स्वतःच्या पगारातून ट्यूबा आणल्या होत्या, चार-चार, ज्याला जास्त खाज त्याला. म्हणून ती जायची आणि परत यायची. हिशोब केला तर चाळीसेक ट्यूबा लागत होत्या आणि त्या कुणी द्यायच्या याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. सिव्हिलमधून घ्यायच्या तर प्रत्येक मुलाचा केसपेपर पाहिजे, केसपेपरसाठी मुलाला तिथे न्यायला पाहिजे, न्यायचं तर पोलीस सोबत पाहिजेत. सतरा पोरांना खरजेसाठी बंदोबस्त कोण देणार? शेवटी इकडून तिकडून गोळा केल्या आम्ही, ओळखीच्या मेडिकलवाल्यांनी काही दिल्या, एका मैत्रिणीने पैसे पाठवले. एका रात्रीत सगळ्यांना लावलं, चादरी उकळल्या, आणि त्या आठवड्यात पोरं पहिल्यांदा नीट झोपली.

तिथून मी जायला लागले. सुट्टीच्या दिवशी, कुणाच्या आदेशाने नाही, ओळखीवर. आणि मला वाटायचं आपण छान काम करतोय.

मग जानेवारीत ते झालं.

सोळा वर्षांचा मुलगा, संध्याकाळी सातच्या सुमाराला आणलेला. आणायच्या आधी मेडिकल होतं, तसं याचंही झालं होतं, कागद फाईलला लावलेला होता. छापील फॉर्म, उंची-वजनाच्या जागा रिकाम्या, खाली शेवटच्या रकान्यात निळ्या पेनाने एक शब्द, फिट. तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला त्याला फिट आली. शेजारी झोपलेल्या पोराने आरडाओरडा केला, मामा धावत आले (काळजीवाहकांना पोरं मामा म्हणतात, पन्नाशीचा साधा माणूस आहे तो), त्यांनी चप्पल हुंगवली, कुणीतरी दातात चमचा घातला, त्यात समोरच्या दाताचा तुकडा उडाला. चिडून बोलायला मला जीभ उचलत नाही, कारण त्या माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर वाट न बघता 108 बोलवायची, हे कुणी कधी शिकवलंच नव्हतं. 108 आली, नेलं. तिथल्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, याला आधी कधी आली होती का आणि गोळी कोणती चालू आहे. सोबत गेलेल्या कुणालाच माहीत नव्हतं. पोरगं गुंगीत.

सकाळी मला फोन. आई-बाप ऊसतोडीला कर्नाटकात, मुकादमाच्या नंबरवर लावला तर अर्ध्या तासाने आईचा उलटा फोन आला, मागे ट्रॅक्टर सुरू होता, एकेक वाक्य दोनदोनदा विचारावं लागत होतं. ती म्हणाली, "त्याला ल्हानपणापासून फिट येती मॅडम, गोळ्या चालू हायेत की त्याच्या. घरी फळीवर पत्र्याच्या डब्यात हायेत. त्यानं नेल्या न्हाईत व्हय? मला कुणी इचारलंच न्हाई."

मला कुणी इचारलंच न्हाई. हे वाक्य माझ्या कानातून अजून गेलं नाही. रोजची फिटची गोळी एकदम बंद पडली की झटका येऊ शकतो हे कुठलाही डॉक्टर सांगेल. त्या पोराच्या अंगात तीन दिवस गोळी गेली नव्हती आणि फाईलमध्ये तो फिट होता.

पुढे अजून एक गोष्ट कळली. दवाखान्यातून परत आल्यावर दोनतीन दिवसांनी तो माझ्याशी जरा मोकळा झाला आणि खाली बघत म्हणाला की मी बटन पण खायचो. बटन म्हणजे झोपेच्या, गुंगीच्या गोळ्या, नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम असल्या, आपल्याकडे संभाजीनगरपासून सगळीकडे पोरं त्यांना बटन म्हणतात. या गोळ्याही रोज खाणाऱ्याच्या एकदम बंद झाल्या की फिट येऊ शकते, त्या डॉक्टरच्या देखरेखीत हळूहळू कमी कराव्या लागतात. म्हणजे त्या रात्रीची फिट कशाने आली, एकीमुळे का दुसरीमुळे का दोन्हीमुळे, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पहिल्या रात्री कुणीतरी त्याच्याजवळ बसून दहा मिनिटं बोललं असतं तर दोन्हीवर इलाज होता. व्हाईटनर, सोल्यूशन, गुटखा, बटन, हे पोरं लपवतात असं आपण म्हणतो, पण पोलिसासमोर उभं करून विचारलं तर लपवणारच की.

त्यानंतर मी खूप वाचलं, रात्री जागून वाचलं. कायद्यात कमी नाहीये हो काही. 2015 च्या त्याच बाल न्याय कायद्याचं कलम 53 सांगतं की संस्थेतल्या मुलाला वैद्यकीय मदत, त्याच्या गरजेनुसार मानसिक आरोग्याची मदत आणि समुपदेशन, व्यसनमुक्तीसाठी पुढे पाठवणं, हे सगळं मिळालं पाहिजे. 2016 च्या मॉडेल रूल्समध्ये, म्हणजे त्या कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांमध्ये, तर आल्यापासून 24 तासांत डॉक्टरने तपासायचं, दर महिन्याच्या तपासणीची नोंद ठेवायची, प्रत्येक मुलाचा वेगळा मानसिक आरोग्याचा आराखडा त्याच्या फाईलला लावायचा, तज्ज्ञाने तपासून निदान केल्याशिवाय मनाच्या आजाराची गोळी द्यायची नाही, इतकं बारीक लिहिलंय. शंभर मुलांच्या संस्थेला दोन समुपदेशक, एक ऑन कॉल डॉक्टर आणि एक नर्स असावी हेही लिहिलंय. मग अडतं कुठे? तर करायचं कुणी, कुठल्या पैशातून, कुठल्या वारी, आणि नाही केलं तर विचारणार कोण, इथे अडतं. महिला व बाल विकास वेगळा विभाग, आरोग्य वेगळा, पोलीस वेगळे, आणि संस्था बऱ्याच ठिकाणी जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना चालवते. प्रत्येकाच्या हातात एकेक दोर आणि लेकरू मधल्या मधे.

वाचता वाचता इंग्लंडची पद्धत सापडली. तिथे सिक्युअर चिल्ड्रन्स होम म्हणून असतात, कुलूपबंद पण छोटी, 10 ते 17 वयाची मुलं, काही गुन्ह्यात आलेली आणि काही 1989 च्या तिथल्या चिल्ड्रन अॅक्टच्या कलम 25 खाली त्यांच्याच जिवाला धोका आहे म्हणून ठेवलेली. 2013 मध्ये तिथल्या मुलांची आरोग्यसेवा ठरवायचं आणि मिळवून द्यायचं काम एनएचएस इंग्लंडकडे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेकडे आलं. त्याला ते कमिशनिंग म्हणतात, आपल्याकडे कमिशन म्हटलं की वेगळंच कळतं म्हणून सांगते, त्याचा अर्थ असा की या मुलांना गरज कशाची आहे ते आधी मोजायचं, त्याप्रमाणे सेवा ठरवायची, ती कोण देणार ते करारात लिहायचं, पैसे बाजूला काढायचे आणि दिली का नाही ते तपासायचं. घर चालवणाऱ्याने डॉक्टरच्या मागे फिरायचं नाही. आणि त्यांची एक तपासणीची पद्धत आहे, कॉम्प्रिहेन्सिव्ह हेल्थ असेसमेंट टूल, थोडक्यात चॅट. त्यात आल्या आल्या पहिली विचारपूस होते, जिवाला आत्ता धोका काय आहे तेवढी, आणि मग पुढच्या काही दिवसांत शरीर, नशा, मन आणि मेंदूच्या वाढीतल्या अडचणी, म्हणजे शिकायला, समजायला, बोलायला त्रास, डोक्याला जुना मार, हे एकेक करून तपासतात. ती पहिली विचारपूस वाचताना मला पत्र्याचा डबा दिसत होता.

तिकडं सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही, तिथलाही पैसा आणि तिथलीही माणसं वेगळी. मला त्यातलं एकच हवं होतं, जबाबदार कोण ते कागदावर.

मी दोन पानांचं टिपण केलं आणि आमच्या वरिष्ठांच्या परवानगीने जिल्ह्याच्या बाल संरक्षणाच्या बैठकीत ठेवलं. बैठकीत एक जण म्हणाले, मॅडम या पोरांना एवढं कशाला, इथं शाळेतल्या लेकरांना वेळेवर मिळत नाही. खोटं नव्हते बोलत ते. मी एवढंच म्हणाले की साहेब, शाळेतल्या लेकराला ताप आला तर त्याची आई त्याला काखेत मारून पीएचसीला नेते, रडते, भांडते, नंबर लावते. या पोराला बाहेरून कुलूप आपण लावलंय, त्याची आई वाटेल तेव्हा आत येऊ शकत नाही आणि तो बाहेर जाऊ शकत नाही, मग आईचं ते काम पण आपल्याच गळ्यात येतं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग सिव्हिलच्या एका वरिष्ठ डॉक्टरांनीच विचारलं की नेमकं काय लागेल ते सांगा.

नेमकं काय लागतं हे सांगायला मला तोवर पाठ झालं होतं. महिन्यातले दोन मंगळवार, ठरलेले, डॉक्टर तिथे येणार, मुलांना नेणं नाही. एक सिस्टर, नावासकट, तिचा फोन अधीक्षकांकडे. औषधाची यादी आणि तिचं मागणीपत्र संस्थेच्या नावाने, प्रत्येक मुलाच्या केसपेपरवर नाही. रात्री कुणाला झटका, दमा, साप-विंचू, स्वतःला इजा करून घेणं यात काय करायचं त्याचं ट्रेनिंग, मामांपासून स्वयंपाकाच्या मावशींपर्यंत सगळ्यांना. लोहाच्या निळ्या गोळ्या आणि जंताची गोळी, जी शाळेत मिळते ती इथेही. आमच्या मायक्रोप्लॅनमध्ये त्या घराचं नाव. आणि पहिल्या रात्रीचा फॉर्म, ज्यात फिट नावाचा रकानाच नाही, त्या जागी प्रश्न आहेत. झटके येतात का. रोजची गोळी कोणती, ती आत्ता कुठे आहे. शेवटची नशा कधी आणि कशाची. डोक्याला मार लागला होता का. जीव द्यावासा वाटतो का. घरचा कुणाचा नंबर तोंडपाठ आहे, आणि त्या नंबरवर त्याच रात्री फोन लावला का, हो किंवा नाही. हे सगळं पोलीस गेल्यावर, दार लोटून, पाणी-बिणी देऊन, जेवण झाल्यावर विचारायचं. उपाशी पोरगं हो ला हो म्हणतं.

सगळ्यात अवघड मनाचं. मराठवाड्यात मानसोपचाराचे डॉक्टर हाताच्या बोटावर, राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला, इकडे त्यातलं एकही नाही. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर असल्या मेडिकल कॉलेजच्या ओपीडीवर बराच भार. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते, तीच गावोगाव फिरते, तिचा महिन्यातला एक दिवस मिळाला. मधल्या दिवसांसाठी टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 आहे, चोवीस तास चालतो, फुकट आहे, पण या पोरांकडे फोन कुठून असणार? म्हणून ऑफिसचा फोन, आतली खोली, ठरलेली वेळ आणि अधीक्षक बाहेर बाकावर. पहिल्यांदा एक मुलगा वीस मिनिटं बोलला आणि बाहेर आल्यावर त्याने अधीक्षकांना विचारलं, पुढच्या गुरुवारी तेच सर असतील का. तोच माणूस परत मिळेल याची खात्री नाही हे त्याला सांगताना आम्हाला जड गेलं. फोन हा फोन आहे, त्याने समुपदेशकाची जागा भरत नाही, आणि ती जागा आमच्याकडे अजून रिकामीच आहे.

अजून एक गोष्ट ज्यावर मी हटून बसले. त्या बटनवाल्या पोराने सांगताना मला विचारलं होतं, "मॅडम, हे तुम्ही मंडळातल्या साहेबाला सांगताल का?" मंडळ म्हणजे बाल न्याय मंडळ, या पोरांची केस तिथे चालते, आणि त्याला वाटत होतं की नशा केली म्हणून जामीन लांबेल. त्याचं काय चुकलं? डॉक्टरला सांगितलेलं जर चौकशीच्या फाईलमध्ये जाणार असेल तर कुठलंच पोरगं पुन्हा खरं सांगणार नाही, आणि मग पुढची फिट, पुढचा फास आपल्याला रात्री अडीचलाच कळणार. मुलाच्या खाजगीपणाचा हक्क याच कायद्याच्या तत्त्वांमध्ये आहे. म्हणून आरोग्याचं रजिस्टर वेगळं, कपाट वेगळं, किल्ली सिस्टरकडे. केअरटेकरला जेवढं माहीत पाहिजे तेवढं एका चिठ्ठीवर, की या मुलाला रात्री नऊला गोळी, याला खालच्या पलंगावर झोपवा. कशाची गोळी ते लिहायची गरज नाही. मंडळाला एखादी गोष्ट कळवायचीच झाली, म्हणजे त्याच्या जिवाला धोका असला तर, आधी त्या मुलाला सांगून. यावर बरीच चर्चा झाली, सगळ्यांना पटलं असं नाही, पण कागदावर आलं.

आणि सुटल्यावर काय? जामीन झाला की पोरगं दहा मिनिटांत निघून जातं, घरच्या कुणाबरोबर, सख्ख्या मामाबरोबर नाहीतर आजीबरोबर, चालू असलेली गोळी आमच्याच कपाटात. मग गावच्या आशाताईला कळवायचं का? कळवलं तर अख्ख्या गावाला कळतं की हा कुठून आला. आम्ही असं केलं की सुटणाऱ्या प्रत्येकाला महिन्याची गोळी आणि सिव्हिलचा साधा केसपेपर द्यायचा, त्यावर संस्थेचं नाव नाही, तो घेऊन कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात गेलं तर गोळी मिळते. तोडीला जाणाऱ्यांना दोन महिन्यांची, कारण फडात दवाखाना नसतो. आणि घरच्या माणसाला दोन मिनिटं समोर बसवून सांगायचं, कागद वाचता येतो का नाही ते न विचारता.

मुलींच्या बाबतीत प्रश्न अजून वेगळे आहेत, ते एका पोस्टमध्ये मावणार नाही, वेगळं लिहीन.

तो मुलगा सुटला तेव्हा त्याची आई आली होती, हंगाम अर्धा टाकून, मुकादमाशी भांडून. तिने येताना तो पत्र्याचा डबा आणला होता, बिस्किटाचा, झाकण गंजलेलं. आत गोळ्यांच्या तीन पट्ट्या, जुना केसपेपर घडी घालून, आणि एका चिठोऱ्यावर कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, सकाळी एक रात्री एक. इतकी सगळी माहिती, इतकी नीट ठेवलेली. मी ती पट्टी आणि आमची पट्टी शेजारी धरून तिला दाखवलं की औषध तेच आहे, फक्त कंपनी वेगळी. तिने दोन्ही डब्यात ठेवल्या आणि डबा पोराच्या हातात दिला.

हे सगळं ज्या कागदावर आलं तो आमचा करार 31 मार्चपर्यंतच आहे. अधीक्षकांची बदली झाली आहे, नवीन आलेले चांगले आहेत पण त्यांना यातलं काही माहीत नाही, आणि माझी स्वतःची नोकरीही करारावरचीच. नूतनीकरणाची फाईल दोन आठवड्यांपासून एका टेबलावर आहे, त्यात एक सही कमी आहे. सोमवारी पथकाची शाळा दुपारपर्यंतच आहे, तिथून थेट ऑफिसात जाऊन बसणार आहे, सोबत पहिल्या रात्रीचे भरलेले फॉर्म घेऊन जाते, नावं झाकून.